कुलूप बदलायला किती वेळ लागते ते सांगा

मागच्या महिन्यात ओळखीतल्या एका पोराला नोकरी लागली. आयटी पार्कच्या बाजूला लहानसं ऑफिस आहे, पंधरा-वीस लोकं. पहिल्याच दिवशी संध्याकाळी चहाच्या टपरीवर भेटला तर एकदम खुश. "भाऊ, अकरा वाजेपर्यंत अख्खा प्रोजेक्ट माह्या लॅपटॉपवर चालू झाला!" मी म्हटलं एवढ्या लवकर कसा काय बे, तर त्यानं मोबाईलच पुढे केला. टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सिनियरनं डॉट ईएनव्ही फाईल (प्रोग्रॅमची सेटिंग आणि पासवर्ड ठेवायची साधी फाईल) टाकलेली, झिप नाही पासवर्ड नाही, सरळ तशीच, आणि खाली "रूट फोल्डरमध्ये ठेव, चालून जाते". मी जरा वर स्क्रोल केलं. तीच फाईल त्या ग्रुपवर आधी तीनदा येऊन गेली होती, दर नवीन माणसामागे एकदा. त्यातले दोघं नोकरी सोडून गेले, ग्रुपमध्ये त्यांच्या नावापुढे "लेफ्ट" दिसत होतं. माणसं लेफ्ट, फाईल त्यांच्या फोनमध्येच. आत काय होतं ते मी पाहायला नको होतं पण दिसलं: लाईव्ह डेटाबेसचा पासवर्ड, पेमेंट गेटवेची लाईव्ह चावी, एसएमएसवाल्याचं टोकन.

(चावी म्हणतो मी, म्हणजे एका प्रोग्रॅमला दुसऱ्या सेवेत शिरू देणारा लांबलचक पासवर्ड. इंग्रजी key हा शब्द देवनागरीत लिहिला की वाक्यात "की" आणि "की" असा घोळ होते, म्हणून चावीच बरी.)

आता यावर आपल्याकडे बोलणं निघालं की सगळं बोलणं एकाच दिशेनं जाते, लपवायचं कसं. फाईल कुठे ठेवायची, कोणाला द्यायची, कोणतं टूल घ्यायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची हे आपल्या डोक्यात एवढं पक्कं बसलेलं आहे ना राजेहो की मूठ उघडली तर पुढे काय हा विचारच येत नाही. मला वाटते आपण प्रश्नच चुकीचा विचारून राहिलो. फाईल कुठे ठेवली ते नंतर सांगा, आज रात्री दहा वाजता कळलं की चावी बाहेर गेली, तर ती बदलायला तुम्हाला किती वेळ लागेल? पंधरा मिनिटं? चार दिवस? का "बदलताच येत नाही, कुठे कुठे वापरली कोणाला माहीत"? आणि या प्रश्नाचं उत्तर द्यायची जबाबदारी कोपऱ्यातल्या ज्युनियरची नाही, मालकाची आहे आणि त्याच्याकडून ॲप करून घेणाऱ्या क्लायंटची आहे. शिव्या घालायच्या असतील तर घाला पण आधी माझा अनुभव ऐका.

काही वर्षांपूर्वी मी जिथे कामाला होतो तिथे एका कोचिंग क्लासचं ॲप आमच्याकडे होतं. ऐन नवतपा, दुपारी रस्त्यावर कुत्रंही नाही, ऑफिसात दोन कूलर आणि त्यातल्या एकाचं पाणी संपलेलं. एक इंटर्न होता, कॉलेजात प्रोजेक्ट दाखवायचा म्हणून त्यानं कोड स्वतःच्या गिटहबवर (कोड ठेवायची वेबसाईट) टाकला, पब्लिक रेपो म्हणजे कोणालाही दिसणारा साठा, आणि त्यात ती फाईलही गेली. त्यात एडब्ल्यूएसची (ॲमेझॉनची भाड्यानं सर्व्हर देणारी सेवा) चावी होती, ती एकेआयए या चार अक्षरांनी सुरू होणारी. या चार अक्षरांमुळेच ती शोधणं सोपं असते, बॉट लोकं दिवसरात्र हेच शोधून राहतात. संध्याकाळी कोणाच्या तरी लक्षात आलं, पोरानं घाबरून फाईल डिलीट केली, नवीन कमिट (कोडमधल्या बदलाची नोंद) केला आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. सगळ्यांनी, माझ्यासकट. गिट बदलांचा सगळा इतिहास ठेवते, त्यात फाईल डिलीट केली तरी जुन्या कमिटात ती जशीच्या तशी राहते हे आम्हाला काय माहीत नव्हतं? माहीत होतं. पण उकाडा होता, सहा वाजले होते, आणि फाईल "दिसत नव्हती".

गंमत पुढे आहे. अशी चावी पब्लिक रेपोत सापडली तर एडब्ल्यूएस स्वतःहून त्या युजरवर एक पॉलिसी लावते, काही मोजकी धोक्याची कामं बंद करते, आणि खात्याच्या मालकाला मेल पाठवते. मेल आलाही होता. पण खातं होतं क्लासच्या सरांच्या मेव्हण्याच्या जीमेलवर, कारण सुरुवातीला क्रेडिट कार्ड त्याचं वापरलं होतं, आणि मेव्हणा ते जीमेल फक्त मोबाईल रिचार्जसाठी उघडायचा. चौथ्या दिवशी मेल सापडला.

मग आता चावी बंद करा, एवढंच ना? तर नाही. बसून यादी करायला घेतली तेव्हा कळलं तीच एक चावी सर्व्हरवर आहे, रात्रीच्या बॅकअपच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) आहे, एका जुन्या पीएचपी ॲडमिन पॅनलमध्ये सरळ कोडात लिहिलेली आहे, आणि मोबाईल ॲपच्या आत बिल्ड होऊन हजारो पोरांच्या फोनमध्ये बसलेली आहे कारण फोटो अपलोड थेट एस-थ्रीवर (एडब्ल्यूएसची फाईली साठवायची जागा) जावा म्हणून कोणीतरी शॉर्टकट मारला होता. बंद केली तर परीक्षेच्या तोंडावर ॲप बंद. चालू ठेवली तर चोराच्या हातात घर. ॲपचं नवीन व्हर्जन प्ले स्टोअरवर जाऊन, लोकांनी अपडेट करून, शेवटी चावी मेली तेव्हा दुसरा आठवडा उजाडला होता.

आणि एवढ्या दिवसांत नेमकं काय गेलं? पोरांचे फोटो, मार्कशीट, पालकांचे नंबर, सगळं एस-थ्रीच्या एका बकेटमध्ये (फाईलींच्या कप्प्यात) होतं. कोणती फाईल कोणी वाचली याची नोंद कुठे पाहायची म्हणून क्लाऊडट्रेल (एडब्ल्यूएसची नोंदवही) उघडलं तर एस-थ्रीच्या एकेका फाईलची नोंद डिफॉल्टनं होतच नाही, ते वेगळं चालू करावं लागते, त्याचे वेगळे पैसे, आणि आम्ही केलं नव्हतं. म्हणजे काहीच गेलं नाही असं आम्ही सरांना सांगितलं ते खोटं नव्हतं, पण खरं आहे का हेही कोणी सांगू शकत नव्हतं. इंटर्नला मात्र दुसऱ्याच दिवशी घरी पाठवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी त्या मीटिंगमध्ये होतो आणि एक शब्द बोललो नाही, कारण कोडात चावी लिहिणाऱ्यांमध्ये एक मी पण होतो.

म्हणून मला ती लपवालपवीची भाषा पटत नाही. १८८३ मध्ये पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या ऑग्युस्त केर्कहॉफ्स नावाच्या डच भाषातज्ज्ञानं लष्करी सांकेतिक लिपीवर सहा अटी लिहिल्या होत्या. त्यातली दुसरी अट कॉम्प्युटरवाल्या सगळ्यांना पाठ असते: पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चाललं पाहिजे. पण तिसऱ्या अटीत चावीबद्दल काय म्हटलं ते कोणी सांगत नाही. चावी वापरणाऱ्यांना हवी तेव्हा बदलता आली पाहिजे, हे त्यात आहे. तारेच्या जमान्यातल्या माणसाला जे कळलं ते आपल्याला क्लाऊडच्या जमान्यात कळून नाही राहिलं.

डॉट ईएनव्हीची पण एक गंमत आहे. २०११ मध्ये हेरोकू या क्लाऊड कंपनीच्या ॲडम विगिन्सनं ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप म्हणून बारा नियम मांडले, त्यात तिसरा नियम असा की कॉन्फिग कोडमध्ये ठेवू नका, एन्व्हायर्नमेंटमध्ये (कोड जिथे चालतो त्या मशिनच्या सेटिंगमध्ये) ठेवा. कसोटी पण दिली: तुमचा कोड या क्षणी ओपन सोर्स केला तर एकही गुपित बाहेर जायला नको. चांगला नियम आहे, माझं भांडण नाही. पण आपण काय केलं, एन्व्हायर्नमेंट सोडलं आणि सोयीसाठी परत एक फाईल बनवली, आणि ती फाईल तरी गिटइग्नोरमध्ये (गिटनं सोडून द्यायच्या फाईलींची यादी) टाकली म्हणून कोडसोबत जात नाही तर व्हॉट्सॲपवर जाते. घागर फुटू नये म्हणून डोक्यावरून उतरवली आणि रस्त्याच्या मधोमध ठेवली.

माझ्या मते खरा घोळ त्या फाईलच्या आत आहे, दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी एकत्र कालवल्यात. एखादी फाईल उघडून ओळी मोजा. चाळीस ओळी असतील तर तीस-पस्तीस ओळी नुसतं कॉन्फिग असते: पोर्ट नंबर, लॉग लेव्हल, टाईमझोन, बकेटचं नाव, कोणतं फीचर चालू कोणतं बंद. यात लपवण्यासारखं काय आहे? काहीच नाही. उलट हे गिटमध्येच पाहिजे, म्हणजे कोणी काय कधी बदललं ते दिसते, रिव्ह्यू होते. उरलेल्या पाच-दहा ओळी खरी गुपितं. पण सगळं एकाच फाईलमध्ये म्हणून नवीन पोराला टाईमझोन पाहिजे असला तरी त्याला पेमेंटची लाईव्ह चावी पण मिळते. सावजी हॉटेलात पाणी मागितलं आणि वेटरनं गल्ल्याची चावी पण आणून दिली असं आहे हे. वेगळं करा, पहिल्या दिवशी व्हॉट्सॲपची गरजच पडत नाही. लोकल मशिनला लागणारे पासवर्ड खोटे ठेवा, डॉकरमधल्या (स्वतःच्या मशिनवरच चालणाऱ्या) डेटाबेसचा पासवर्ड "नागपूर१२३" असला तरी कोणाचं काय जाते.

मग लोकं म्हणतात आमचा रेपो प्रायव्हेट आहे. उबरचाही प्रायव्हेटच होता. २०१६ मध्ये चोर गिटहबच्या खाजगी रेपोत शिरले, तिथे एडब्ल्यूएसची चावी सापडली, आणि ५ कोटी ७० लाख प्रवासी आणि ड्रायव्हरांची माहिती गेली. कंपनीनं १ लाख डॉलर देऊन प्रकरण दाबलं, ते वर्षभरानं बाहेर आलं. आणि पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये कोर्टानं दोषी ठरवलं ते सिक्युरिटीचे प्रमुख जो सुलिव्हन यांना. गुन्हा गळतीचा नव्हता, लपवण्याचा होता, हेही सांगतो, पण कोणत्या पायरीवरच्या माणसाला उभं केलं ते पाहा.

टोयोटाचं उदाहरण तर आपल्यासारख्या कंत्राटावर काम करणाऱ्यांनी भिंतीवर लावावं. टी-कनेक्ट नावाच्या त्यांच्या सेवेचा काही कोड डिसेंबर २०१७ मध्ये एका सबकॉन्ट्रॅक्टरनं चुकून पब्लिक टाकला, आत डेटा सर्व्हरची चावी. सापडला कधी, सप्टेंबर २०२२ मध्ये. जवळजवळ पाच वर्षं ती चावी चालू होती, २,९६,०१९ ग्राहकांचे ईमेल तिच्या टप्प्यात होते. एवढ्या वर्षांत एकदा नुसती नेहमीचं काम म्हणून चावी बदलली असती तर उरलेली वर्षं तो कोड म्हणजे रद्दी झाली असती. आणि हा काही अपवाद नाही. गिटगार्डियन कंपनी दरवर्षी गिटहब चाळते, २०२४ मध्ये त्यांना पब्लिक कमिटांमध्ये २ कोटी ३८ लाख नवीन गुपितं सापडली, आणि २०२२ मध्ये उघड झालेल्यांपैकी ७० टक्के तेव्हाही चालू होती. (ही कंपनी याच कामाचं टूल विकते, तेव्हा आकड्यात मीठमसाला धरा, पण सत्तरचे निम्मे धरले तरी कठीणच आहे.)

हल्ली आणखी एक नमुना चालू आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पालो आल्टो नेटवर्क्स या सायबर सुरक्षा कंपनीच्या युनिट ४२ पथकानं एक टोळी उजेडात आणली. ही टोळी गिटहबच्या भानगडीत पडलीच नाही, सरळ वेबसाईटच्या पत्त्यापुढे डॉट ईएनव्ही लावून पाहायचं, फाईल उघडली तर घ्यायची. १ लाख १० हजार डोमेनवर हा प्रयोग झाला, ९० हजारांवर व्हेरिएबल (त्या फाईलींतल्या नोंदी) हाती लागले, त्यात ७ हजार क्लाऊड सेवांचे. असं का होते ते स्वस्त होस्टिंगवर लारावेल (पीएचपीत साईट बनवायचा तयार सांगाडा) चढवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे: वेब सर्व्हरनं फक्त पब्लिक फोल्डर दाखवायचं असते, आपण अख्खा प्रोजेक्टच पब्लिक-एचटीएमएलमध्ये ओततो कारण सीपॅनलमध्ये (होस्टिंगच्या कंट्रोल पॅनलमध्ये) तेच समोर दिसते. वाचता वाचता थांबा आणि स्वतःच्या दोन-तीन जुन्या साईटवर हे करून पाहा. मी केलं होतं. एक उघडली.

टूल घेऊन सगळं सुटते असंही नाही. कुबरनेटिसमध्ये (खूप सर्व्हरवर ॲप चालवायचं टूल) सिक्रेट नावाची वस्तू असते, लोकांना वाटते नावातच सिक्रेट आहे म्हणजे झालं. डिफॉल्टनं ती नुसती बेस सिक्स्टीफोरमध्ये लिहिलेली असते. म्हणजे मराठी पत्र मोडीत लिहिण्यासारखं, ज्याला मोडी येते तो घडाघडा वाचते. गिटहबनं फेब्रुवारी २०२४ पासून पब्लिक रेपोत ओळखीच्या चाव्या पुश होतानाच (कोड वर चढतानाच) अडवणं डिफॉल्ट केलं, फार चांगलं झालं, पण तुमच्या डेटाबेसचा साधा पासवर्ड काही विशिष्ट अक्षरांनी सुरू होत नाही, तो त्या चाळणीतून आरामात निघून जाते.

पैशाचं रडगाणं सगळ्यात जास्त ऐकतो मी. "आपण लहान लोकं भाऊ, हे व्हॉल्ट वगैरे मोठ्यांचं काम." एडब्ल्यूएसच्या सिक्रेट्स मॅनेजर या गुपितांच्या तिजोरीचा भाव एका गुपिताला महिन्याला ४० सेंट आहे. बारा गुपितं म्हणजे ४.८० डॉलर, चारशे रुपयांच्या थोडं वर. टीमला एकदा तर्री पोहे खाऊ घातले की एवढे जातात. तेही नको असेल तर एडब्ल्यूएसच्याच पॅरामीटर स्टोअरचा साधा प्रकार फुकट आहे. आणि सर्व्हर एडब्ल्यूएसवरच असेल तर मशिनला आयएएम रोल (मशिनलाच दिलेली परवानगी) द्या, चावी लिहूनच ठेवावी लागत नाही, तात्पुरती मिळते आणि आपोआप संपते. जी चावी नाहीच ती व्हॉट्सॲपवर काय पाठवाल.

पैसा हे कारण नाही, वेळ हे कारण आहे, आणि वेळ कोणाचा धरायचा हे मालक ठरवतो. एडब्ल्यूएसमध्ये एका युजरला एका वेळी दोन चाव्या ठेवता येतात, त्याचं कारणच हे की बदलताना दुकान बंद पडू नये. दुसरी बनवा, सगळीकडे लावा, पहिली लगेच डिलीट न करता निष्क्रिय करा, ती शेवटची कधी वापरली गेली ते दोन दिवस पाहा, कोणी बोंबललं नाही तर उडवा. डेटाबेसचंही तसंच, दोन युजर ठेवायचे, आलटून पालटून. अवघड काही नाही. पण अर्धा दिवस जाते, आणि त्या अर्ध्या दिवसात क्लायंटला दाखवण्यासारखं स्क्रीनवर काहीच होत नाही. "आज काय केलं?" "चावी बदलली." "का, हरवली होती?" हा संवाद मी शब्दशः ऐकलेला आहे.

काही चाव्या खरंच अवघड असतात, ते मान्य. लारावेलची स्वतःची चावी (APP_KEY) अशीच बदलून टाकली तर तिनं बंद केलेला जुना डेटा वाचता येत नाही, सगळे लॉगिन तुटतात. २०२४ मध्ये लारावेल ११ नं जुन्या चाव्या सोबत ठेवायची सोय दिली तेव्हा कुठे ते सुसह्य झालं. पण अवघड आहे हे कधी कळणार? बदलून पाहिल्यावर. ते चोरीच्या रात्री कळण्यापेक्षा एखाद्या निवांत शनिवारी कळलेलं काय वाईट.

आता क्लायंट लोकांसाठी. धंतोली-रामदासपेठेतला दवाखाना असो, कोचिंग असो, पतसंस्था असो, तुम्ही ॲप करून घेता तेव्हा रंग, लोगो, बटण उजवीकडे का डावीकडे यावर चार मीटिंगा घेता. चावीवर एकही नाही. आणि कायदा तुम्हाला धरणार आहे, तुमच्या डेव्हलपरला नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, आणि तो लागतो डेटा कोणासाठी गोळा झाला त्याला, म्हणजे तुम्हाला. काम बाहेर दिलं होतं हे उत्तर चालत नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश तर आधीपासून आहेच, घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवा. ६ तास! आमच्याकडे मेल वाचायला चार दिवस लागले होते.

म्हणून करारात दोन-तीन ओळी घाला ना. क्लाऊडचं खातं संस्थेच्या नावावर आणि अशा ईमेलवर जो कोणीतरी रोज उघडते. डेव्हलपर बदलला, त्याच्याकडचा माणूस बदलला, तर आठ दिवसांत सगळ्या चाव्या बदलल्याचं लेखी. भाडेकरू गेला तर आपण कुलूप बदलतो, त्यात भाडेकरूवर संशय असतोच असं नाही. आणि वर्षातून एकदा समोर बसवून सांगा, बदलून दाखव, मी घड्याळ लावतो. सरकारी आणि महापालिकेच्या टेंडरमध्ये तर हे पाहिजेच पाहिजे, तिथे डेटा देणाऱ्या माणसाला दुसरं दुकानही नसते. मागच्या तीन वर्षांची उलाढाल विचारतात, चावी बदलायला किती वेळ लागते हे पण विचारावं.

मी आता स्वतःचं लहान काम करतो, चार जण आहोत. महिन्याच्या पहिल्या शनिवारी एक क्लायंट निवडायचा, चावी गेली असं समजायचं आणि फोनवर स्टॉपवॉच लावायचं. पहिल्यांदा साडेतीन तास लागले आणि एक रिपोर्ट दोन दिवस बंद राहिला, त्याची शिवी खाल्ली. परवाच्या शनिवारी सतरा मिनिटं. त्यातली अकरा मिनिटं एका ओटीपीची, तो क्लायंटच्या काकांच्या फोनवर येते, आणि काका वर्ध्याला लग्नात, मागे बँड वाजून राहिला, आणि ते ओरडून विचारत होते, "चार का सात? चार का सात म्हणून राहिला तू?"